आबांचे पाय

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

आबा पुन्हा पडले. कल्याणहून कुंडलिककाकांचा फोन — आबांच्या चाळीतले शेजारी. "सूनबाई, जिन्यावरून गेलेत. हाड शाबूत आहे, पण आता एकट्याला ठेवू नका." आणि मग आवाज खाली आणून, "संध्याकाळची वेळ होती, समजून घ्या."

समजून काय घ्या! सगळेच समजून घेतात. रवीचे वडील म्हणजे बेवडा, हे त्या चाळीला, आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीला आणि अख्ख्या भावकीला तोंडपाठ आहे.

जेवताना रवी म्हणाला, "आई, आबांना इकडे आणू या." सासूबाईंचा हात लाटण्यावरच होता. "तो या घरात पाऊल टाकणार असेल तर मी घर सोडते." आणि लाटणं असं आपटलं की आमची लेक सान्वी दचकली.

रवी आठ वर्षांचा असताना त्यांनी नवऱ्याला घराबाहेर काढलं. पोळीभाजी केंद्र चालवून एकटीने पोराला वाढवलं. त्या बाईला मी काय शहाणपण शिकवणार? पण सत्तरी ओलांडलेला माणूस तिकडे जिन्यात पडून राहणार आणि आम्ही इकडे गरम पोळ्या खाणार?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

रवीने पुन्हा विषय काढला. सासूबाई उठून देवळात गेल्या.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

क्लिनिकात नवं खूळ! आमच्या डॉक्टर मंदाकिनी मॅडम म्हणतात, नसांच्या वेगाचे पुस्तकातले आकडे परदेशी लोकांचे. आपल्या ठाण्यातल्या माणसांचे आपण काढू. म्हणजे धडधाकट माणसं पकडून आणायची, हातापायाला झटके द्यायचे आणि वेग लिहून ठेवायचा. पकडून कोण आणणार? मशीन चालवते ती — रचना! समोरचा झेरॉक्सवाला झाला, मॅडमचा भाचा झाला, खोपट डेपोतले दोन कंडक्टर झाले. त्यातला एक झटका बसल्यावर असा केकाटला की बाहेर बसलेली बाई "उद्या येते" म्हणून सटकली.

तोच नंतर चहा पिताना विचारत होता, "मॅडम, नस म्हणजे वायरच ना?" सगळे हेच विचारतात. नाही हो! नसेच्या पेशीला एक लांबलचक तंतू असतो, ॲक्झॉन. पाठीच्या कण्यापासून निघतो तो पार पावलापर्यंत. त्याच्या भिंतीत बारीक बारीक दारं. एक दार उघडतं, बाहेरचं सोडियम आत घुसतं — मिठातलंच ते — आणि तिथली वीज पालटते. त्या धक्क्याने पुढचं दार उघडतं, मागचं मिटतं. चाळीत पाणी नसलं की जिन्यावर उभं राहून बादल्या हातोहात वर देतात ना, तसा संदेश पुढे जातो. पण असा दारोदार फिरत गेला तर पाय उचलेपर्यंत बस निघून जाईल. म्हणून ॲक्झॉनवर चरबीचं वेष्टण असतं, मायलिन. त्यात मधूनमधून फटी. संदेश एका फटीतून दुसऱ्या फटीत उड्या मारत जातो. कंडक्टरला म्हटलं, ही तुमची विनाथांबा गाडी. तो खूश! "आणि वेष्टण नसलं तर?" "तर लाल डबा. प्रत्येक फाट्याला थांबणार."

बारा वर्षं हेच सांगतेय. अजून कंटाळा आला नाही, खरंच.

चाळिशीतला उंच पुरुष अजून एक हवाय. रवीचं ऑफिस उद्या अर्धा दिवस असतं. तिथून थेट इकडेच ये म्हणून सांगितलंय.

शनिवार, १५ नोव्हेंबर

अक्षर वेडंवाकडं येतंय. येऊ दे.

रवी आला. हसत. टेबलावर आडवा झाला आणि म्हणाला, "जास्त लाड नकोत." उजवा हात घेतला. मनगटावर झटका दिला — काही नाही. करंट वाढवला. अजून वाढवला. "बायको आहेस का फौजदार!" शेवटी अंगठा हलला, पण पडद्यावर लाट इतकी उशिरा आली की मला वाटलं चिकटपट्टी सुटलीय. पुन्हा लावली. मनगटावर झटका, कोपरावर झटका, मधलं अंतर टेपने मोजायचं, वेळ मशीन सांगतं, भागाकार करायचा. एवढंच तर काम. सेकंदाला एकवीस मीटर.

पन्नासच्या वर हवेत!

मशीन बिघडलं म्हणून माझाच हात लावला. छप्पन. मशीन ठणठणीत. मग त्याचा डावा हात. तेच. पायात तर लाट म्हणजे नुसती चिमूटभर.

"काय गं, पास का नापास?" म्हणाला. मी म्हटलं, मशीन तापलंय, सोमवारी बघू. धडधडीत खोटं बोलले. पेशंटला मी नेहमी सांगते की रिपोर्ट डॉक्टर सांगतील, पण खोटं कधी बोलले नव्हते.

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी तो सोफ्यावर पाय पसरून पेपर वाचत होता. मी भाजी निवडायच्या निमित्ताने समोर बसले आणि त्याचे पाय पाहिले. नीट पाहिले. पोटऱ्या काटक्यांसारख्या. पावलाची कमान ही एवढी उंच. बोटं आत वळलेली. हे पाय मी लग्नापासून बघतेय! बगळा म्हणून चिडवलंय त्याला. सप्तपदीच्या वेळी अडखळला तेव्हा माझ्या मैत्रिणी फिदीफिदी हसलेल्या आणि मीही हसलेले. चपला पायात टिकत नाहीत म्हणून हा माणूस दूध आणायला जातानाही लेसचे बूट चढवतो, तर मी म्हणते, निघाले साहेब ऑफिसला! दिवसभर लोकांच्या नसा तपासणारी मी. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

त्याला विचारलं, "पाय दुखतात का रे?" "दमतात. सगळ्यांचेच दमतात ना?" त्याला दुसरे पाय माहीतच नाहीत. तो काय तुलना करणार.

सोमवार, १७ नोव्हेंबर

मॅडमना रवीचे सगळे कागद दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि एकेक कागद पुन्हा पाहिला. मग म्हणाल्या, "सगळ्या नसांत वेग सारखाच कमी आहे, रचना. मध्येच तुटलंय असं कुठेच नाही. हे जन्मापासूनचं." मायलिन पहिल्यापासून धड बनलंच नाही. शार्को-मारी-टूथ म्हणतात त्याला, तीन डॉक्टरांच्या नावाचा आजार. जिवाला धोका नाही. पाय हळूहळू कमकुवत होतात, पुढे हातही. औषध नाही, पण व्यायाम, चांगले बूट, घोट्याला आधार दिला की माणूस म्हातारा होईपर्यंत हिंडतो-फिरतो. पक्कं करायला रक्त पाठवायचंय.

मग त्यांनी विचारलं, "आईवडलांपैकी कोणाला आहे? बहुतेक वेळा घरातूनच येतो." सासूबाई? छे! त्या या वयात चार मजले चढतात. मी म्हणाले, "वडील तर प्यायचे. त्यांचा तोल—" आणि तिथेच तोंड उघडं राहिलं.

अगं बाई गं.

आबांना मी चार-पाच वेळा भेटलेय. दर वेळी ते चाळीच्या दारातल्या बाकड्यावर बसलेले. मी त्यांना चालताना कधी बघितलेलंच नाही!

संध्याकाळी रवीला सगळं सांगितलं. आधी "टूथ? म्हणजे दातांचं?" म्हणून हसला. मग आबांचं नाव घेतलं. "ते पाय उचलून उचलून टाकायचे," म्हणाला. "चिखलातून चालल्यासारखे. शाळेतली पोरं त्यांची नक्कल करायची. मीही करून दाखवायचो." आणि उठून बाथरूममध्ये गेला. नळ बराच वेळ चालू होता. मी हाक मारली नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज माझी परीक्षा होती आणि मी सपशेल नापास झाले.

बापाला आहे तर लेकीला असायची शक्यता निम्मी. निम्मी! रात्रभर हाच शब्द. शाळा सुटल्यावर सान्वीला थेट क्लिनिकला घेऊन गेले. आधीचा पेशंट लांबला, म्हणून ती एसीखाली बसून राहिली, हातात थंड ताकाची बाटली. मग टेबलावर घेतलं. "आई, टोचणार नाही ना?" "मुंगी चावल्यासारखं होईल." हात लावला, झटका दिला, मोजलं. सत्तेचाळीस. पुन्हा मोजलं. सत्तेचाळीसच. रवीएवढं नाही, पण कमीच की! स्टुलावर मटकन बसले. हिचं नाचणं, हिचं सायकल चालवणं, हिची सहल — सगळं दोन मिनिटांत डोळ्यांपुढून गेलं.

मॅडम आत आल्या, आकडा बघितला आणि सान्वीचा हात हातात घेतला. "अगं ए वेडाबाई, पोरीचे हात बर्फ झालेत!"

गार हाताची नस हळू चालते! आतली दारंच आळसावतात. पहिल्या दिवशी शिकवतात हे. शिकाऊ मुलींनी हात न शेकता टेस्ट लावली की मी त्यांना फाडून खाते. आणि आज लेक टेबलावर आली तर हात लावून बघायचं सुचलं नाही! घमेल्यात कोमट पाणी घेतलं, सान्वीचे हात बुडवून ठेवले, मग पुसून पुन्हा लावलं. सत्तावन्न. पाय पण छान. लाटा कशा टणाटण!

सान्वी म्हणाली, "आई, तू रडतेस का? झटका तर मला दिला!" मॅडमनी मला घरी हाकललं. येताना तिला मसाला डोसा खाऊ घातला, मीही दोन खाल्ले.

शनिवार, २२ नोव्हेंबर

रवी आणि मी कल्याणला. सासूबाईंना सांगितलं, माझ्या मैत्रिणीकडे जातोय.

आबा बाकड्यावरच होते. गुडघ्याला पट्टी. मी म्हटलं, "आबा, जरा आतपर्यंत चालून दाखवता?" म्हणाले, "कशाला गं, तमाशा बघायला?" पण उठले. आणि चालले. गुडघा वर, पाऊल लोंबतं, मग थाप! गुडघा वर, पाऊल लोंबतं, थाप! एक चप्पल मागे राहिली तरी त्यांना पत्ता नाही. उंबऱ्याला ठेचकाळले, दाराला धरलं. कुंडलिककाका माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होते. सकाळचे दहा वाजलेले! मी त्यांना म्हटलं, "काका, दारूचा वास येतोय का? या की जवळ, घेऊन बघा." गेले आत गुपचूप.

आबांना रवीचा हात, माझं मशीन, सगळं सांगितलं. त्यांनी पाय वर घेऊन मांडीवर ठेवला आणि कितीतरी वेळ तळपायावरून हात फिरवत राहिले. "म्हणजे रोग आहे हा?" "हो आबा." "मला वाटायचं, मीच धांदरट."

डोंबिवलीच्या कंपनीतून त्यांना काढलं तेही कामावर पिऊन येतो म्हणून. मग जन्मभर एका गोडाऊनवर वॉचमन. बसून करायचं काम.

घराबाहेर काढलं त्या दिवशी काय झालेलं, ते मला आज कळलं. रामामामांचं, म्हणजे सासूबाईंच्या भावाचं लग्न, टेंभी नाक्याच्या हॉलवर. मंगलाष्टकं चाललेली आणि आबा आहेराच्या ताटासकट मांडवात आडवे. सगळा मांडव हसला. कोणीतरी म्हणालं, भावजी टाकून आलेत. घरी आल्यावर सासूबाईंनी रवीला पुढ्यात उभं केलं आणि म्हणाल्या, याच्या डोक्यावर हात ठेवून सांग, प्यायला नाहीस. आबांनी हात ठेवला. सांगितलं, नाही प्यालो. "आणि तिथंच घात झाला बघ," आबा म्हणाले. "तिला वाटलं, मी पोराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललो. नुसता प्यालो असतो तर चार दिवस बोलली असती आणि घरात घेतलं असतं. पण पोराची खोटी शपथ! कुठली आई सोडेल?"

वर तिचीच बाजू घेतायत! मला इतका राग आला, कोणाचा ते कळेना. आल्यापासून डोकं दुखतंय.

रवी येताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत होता. एकदाच बोलला. "तो हात मला आठवतो, रचना."

सोमवार, २४ नोव्हेंबर

सासूबाईंना तोंडी सांगून उपयोग नाही. त्यांना दाखवलं पाहिजे. एक युक्ती सुचलीय. रवी म्हणतो, अंगाशी येईल. येऊ दे!

शनिवार, २९ नोव्हेंबर

झालं. लिहायला बसले खरी, पण सुरुवात कुठून करू?

सासूबाईंना म्हटलं होतं, मॅडमना साठीच्या पुढची एक ठणठणीत बाई हवीय, तुमच्याशिवाय कोण आहे? स्वारी खूश. ठेवणीतली साडी! टेबलावर झोपल्या, झटका दिला तर पाऊल टुणकन उडालं. बावन्न. मॅडम म्हणाल्या, तरुण पोरींना लाजवाल. सासूबाई माझ्याकडे बघून अशा हसल्या, जशी काय मीच हरलेय.

मग रवीचे कागद पुढे ठेवले. "ही तुमची लाट आई, आणि ही तुमच्या मुलाची. बघा किती लांब पडलीय." त्यांचं हसू गेलं. मॅडमनी समजावलं, जन्मापासून आहे, कोणाची चूक नाही. "पण माझ्या पोराला आलं कुठून?" त्यांनीच विचारलं. मी दार उघडलं. रवी आबांना धरून आत आला.

तेहतीस वर्षांनी दोघं समोरासमोर. सासूबाई ताडकन उठल्या, पदर सावरला, निघाल्याच. मी दारात आडवी उभी राहिले. सासूच्या वाटेत! "पाच मिनिटं, आई. नंतर मला काय बोलायचं ते बोला."

आबांचा हात — एकोणीस. आबांचे पाय — करंट वाढवला, वाढवला, शेवटपर्यंत नेला. पडद्यावर रेघ सपाट. काही येईना. आबा मात्र शांत पडून होते.

सासूबाई काही कच्च्या नाहीत. म्हणाल्या, "दारूनेसुद्धा नसा जातात. टीव्हीवर सांगतात." मॅडम म्हणाल्या, "जातात ना. पण दारू आतला तंतू खाते, वरचं वेष्टण नाही. लाट बारकी होते, पण वेग इतका कोसळत नाही. इथे हातात लाट आहे, वेगच नाही, आणि नेमका तसाच तुमच्या मुलातही. ते पीत होते का नव्हते, हे मशीनला कळत नाही, गोदूबाई. पण असं चालतात ते दारूमुळे नाही, एवढं मी लिहून देते."

आबांची एक चप्पल दाराशी राहिली होती. सासूबाई गेल्या, वाकल्या, ती उचलून आणली आणि टेबलाखाली त्यांच्या पायाशी ठेवली. मग भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मला वाटलं होतं रडतील, भांडतील. काही नाही.

रिक्षात एवढंच म्हणाल्या, "ह्यांना घेऊन या घरी." इतकी वर्षं 'तो' होते, आज 'हे' झाले.

रविवार, ३० नोव्हेंबर

सासूबाई जेवल्या नाहीत. उपास आहे म्हणाल्या. आज कसला उपास?

मंगळवार, २ डिसेंबर

फक्त चहा. रवीने ताट पुढे केलं, तर म्हणाल्या, "पोराच्या डोक्यावर हात ठेवून खरं सांगत होता माणूस. मी त्याला पावसापाण्याचं बाहेर काढलं. मला नका आग्रह करू."

मी किती समजावलं! तुम्हाला काय माहीत होतं, डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. त्या मान हलवतात. ऐकतात कुठे.

गुरुवार, ४ डिसेंबर

आबा आले. एक पिशवी आणि वॉचमनचं स्टूल एवढाच संसार. सान्वीने दाराला फुलांचं तोरण लावलेलं. सासूबाईंनी त्यांना आपली खोली दिली, आपण हॉलमध्ये आल्या. घोट्याला आधाराच्या पट्ट्या लावल्यात, आता पाऊल लोंबत नाही. सान्वीचं बोट धरून सोसायटीभर हिंडून आले. खालच्या बायका बघत होत्या. बघू देत!

सगळं चांगलं झालं ना? मग घरात सुतक असल्यासारखं का वाटतंय? सासूबाई आबांना गरम गरम वाढतात आणि ओट्याशी जाऊन उभ्या राहतात. त्यांच्याकडे वर तोंड करून बघत नाहीत. गालफडं बसली. आबा म्हणतात, "तूही बस." "तुम्ही जेवा." आबांचाही घास मग हातातच राहतो.

शनिवार, ६ डिसेंबर

सासूबाई ओट्याशी चक्कर येऊन पडल्या! बीपी अगदी खाली. खालचे डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले. म्हणाले, या वयात असं उपाशी राहिलात तर किडनीवर जाईल, मग माझ्याकडे येऊ नका. सासूबाई छताकडे बघत होत्या. "नरड्याखाली उतरतच नाही हो." नाटक नाही ते. सकाळी सान्वीने हट्टाने एक घास भरवला, तो ओकून पडला.

मी हे काय करून बसले? चांगलं करायला गेले आणि त्या बाईचा कणाच काढून घेतला. नवरा दारुडा, ह्या एका गोष्टीवर ती ताठ उभी होती. रवीशी भांडले, उगाचच. तो बिचारा ऐकून घेत होता. आबा दारात उभे राहून सगळं ऐकत होते, ते मागाहून दिसलं.

सोमवार, ८ डिसेंबर

काय दिवस! काय दिवस!

दुपारी रवी, मी, सान्वी, सगळे घरात. सासूबाई पलंगावर. आबा पट्ट्या घालून आले, स्टूल ओढलं, त्यांच्यासमोर बसले. आणि म्हणाले, "गोदे, एक सांगायचं राहिलं. त्या रामाच्या लग्नात मी प्यालो होतो."

"पाय खराब होते, ते आहेच. पण त्या दिवशी पोटात दारूही होती. तुझ्या भावाच्या मित्रांनी हॉलच्या मागे पाजली. मग तू हात ठेवायला लावलास तर भ्यालो. खोटं बोललो पोराच्या डोक्यावर. तू बरोबर होतीस."

सासूबाई उठून बसल्या. डोळे हे एवढे! "काय म्हणालात?"

"प्यालो होतो म्हणालो."

"मेल्या!" सासूबाई कडाडल्या. "माझ्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून! आठ वर्षांचं पोर ते! काही झालं असतं त्याला म्हणजे? आणि मी इकडे आठवडाभर अन्न सोडून बसलेय, जीव जाळतेय! तोंड वर करून आता सांगतो! लाज आहे का?" असा पट्टा सुटला, असा सुटला, की शेजारच्या योगिनीवहिनी दार उघडून आल्या. तेहतीस वर्षांचं सगळं बाहेर आलं. आबा मान खाली घालून बसलेले, मधूनमधून "हो", "चुकलं", "हो."

शेवटी दम लागला तेव्हा सासूबाई पलंगावरून उतरल्या, तरातरा स्वयंपाकघरात गेल्या, सकाळची भाकरी घेतली, पिठलं घेतलं, आणि तिथेच फरशीवर बसून जेवल्या! बोलत बोलत. भाकरी मोडायच्या आणि आबांना एक शिवी हाणायच्या. दोन भाकरी गेल्या. ठेचा मागून घेतला. सान्वी टाळ्या पिटायला लागली.

रवी मात्र गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी गेले तर म्हणाला, "म्हणजे खोटाच होता तो हात." आणि मला आबांचा असा संताप आला! कल्याणला मी त्या काकांना बोलले, मॅडमसमोर सासूच्या वाटेत उभी राहिले — कोणासाठी? मेलं ते शास्त्र आणि मेलं ते मशीन. संध्याकाळचा चहा आबांपुढे आपटला. बोलले नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर

सासूबाईंनी आबांना जेवताना समोर बसवलं. "बसा इथे डोळ्यांसमोर, तुमचा भरवसा नाही." स्वतःचंही ताट वाढून घेतलं. खोकला झाला म्हणून त्यांना काढा दिला, तोही शिव्या देत. रात्री हॉलमधून घोरणं ऐकू आलं. किती दिवसांनी!

मी अजून आबांशी बोलत नाहीये. रवी पण नाही.

गुरुवार, ११ डिसेंबर

आबांच्या घोट्याच्या पट्ट्या बांधत होते. मान खाली घालूनच विचारलं, "आबा, त्या दिवशी कोणती पाजली हो तुम्हाला?"

आबांनी आत बघितलं. सासूबाई भाजी चिरत होत्या.

"मला काय ठाऊक पोरी, कोणकोणत्या असतात ते? आयुष्यात थेंब घेतला नाही. रवीला तेवढं सांग, हळूच. हिला नको. आता दोन्ही वेळ जेवतेय."